मियाटाच्या मीटरच्या तबकड्या घरी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९९४ ची लाल माझदा मियाटा आहे आणि मी न्यू जर्सीत राहतो. गेल्या काही वर्षांत स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून चार गाड्यांचे मीटर मी आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडले आहेत. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं असतानासुद्धा लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. इथे लिहिलेलं पहिल्या पिढीच्या मियाटाबद्दल आहे, म्हणजे १९८९ ते १९९७ मधल्या, बॉनेटमधून वर उठणाऱ्या हेडलाइटच्या गाडीबद्दल. दुसरी गाडी असेल तर शेवटाकडचा प्रश्न आधी वाचा.

मियाटा म्हणजे नक्की कुठली गाडी? वडील विचारतात, स्वराज माझदाचा टेम्पो का?

माझ्याही वडिलांनी हेच विचारलं होतं. आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या ट्रक-मिनीबसवर वाचलेलं, त्यामुळे मुलानं अमेरिकेत जाऊन टेम्पो घेतला असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं. ही दोन माणसांची, छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. बाकी जगात तिला एमएक्स-५ म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर या नावानं विकली गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. इतक्या गाड्या रस्त्यावर असल्यामुळे हौशी लोकांसाठी लागणारं सगळं सामान मिळतं, तबकड्यांसकट.

तबकडी बदलायची तरी कशाला?

खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: पांढरी तबकडी छान दिसते. ते कबूल करायला लाजू नये. बाकी कारणंही आहेत. तीस वर्षांच्या उन्हानं मूळ काळी तबकडी भुरकट होते, कुणीतरी आधी उघडताना ओरखडा पाडून ठेवलेला असतो, किंवा जपानहून आणलेल्या गाडीवर किलोमीटर असतात आणि रस्त्यावरच्या पाट्या मैलांत.

हे काम अवघड आहे का? मी फक्त घरचे बल्ब बदलले आहेत.

तबकडी बदलणं अवघड नाही. काटा काढून परत जागेवर बसवणं अवघड आहे. लोक दुकानात तबकडीचा रंग निवडण्यात आठवडा घालवतात आणि काटा मात्र अंदाजानं खुपसतात. तुम्ही उघडताय ते मोजमापाचं यंत्र आहे, दिवाणखान्यातलं घड्याळ नाही. घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर चालतं.

पहिल्यांदा करताय तर अख्खा शनिवार मोकळा ठेवा. रविवारी त्याच गाडीनं कुठे जायचं ठरवू नका.

कुठल्या प्रकारची तबकडी घ्यावी?

तीन प्रकार दिसतात. पहिला, मूळ तबकडीवर चिकटवायचा पातळ थर. यात मधोमध भोक आणि एक चीर असते, त्यातून काटा ओवून घेतला की काटा काढावाच लागत नाही. दुसरा, मूळ तबकडी काढून तिच्या जागी बसणारी पूर्ण तबकडी, म्हणजे इथे काटा काढणं आलंच. तिसरा, रात्री अख्खी उजळणारी तबकडी.

पहिल्यांदा करणाऱ्यानं पहिला प्रकार घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, पण तो पातळ हवा. थर जाड असला किंवा गोंदाचे ठिपके फुगीर असले तर काटा तबकडीला घासतो. माझी कसोटी साधी आहे: लग्नपत्रिकेचा जाड कागद काट्याखालून न अडकता सरकला पाहिजे.

घेताना आकडे उजेडासमोर धरून पाहा. मूळ मीटरमध्ये दिवे मागे असतात आणि आकड्यांतून प्रकाश पुढे येतो. स्वस्त तबकडीचे आकडे साध्या शाईनं छापलेले असले तर रात्री अंधार. दोन पिझ्झांच्या पैशात तबकडी मिळते खरी, पण मग ती दिवसाच वापरायची असते.

ती उजळणारी तबकडी कशी असते?

मी एकदा लावली आणि सहा महिन्यांत काढली. तिच्या पत्र्याला साधा बारा व्होल्टचा करंट चालत नाही. एक छोटा इन्व्हर्टर लागतो आणि तो शंभर व्होल्टच्या आसपासचा एसी तयार करतो. तो इन्व्हर्टर डॅशबोर्डमागे बसून बारीक शिट्टी मारत राहतो. छत उघडं असताना ऐकू येत नाही, पावसात छत लावलं की डास कानाशी गुणगुणतोय असं वाटतं. एएम रेडिओवर खरखर येते ती वेगळीच. शिवाय वापरात तिचा उजेड हळूहळू मंदावत जातो. हौस असेल तर लावा, मी पुन्हा लावणार नाही.

कुठली हत्यारं लागतात?

फुलीचे दोन स्क्रू-ड्रायव्हर, एक मोठा आणि एक चष्मेवाल्याकडे असतो तसा बारीक. बॅटरीसाठी दहाचा पाना. मास्किंग टेप, बारीक टोकाची पेन्सिल, मऊ सुती कापड, चहाचे दोन चमचे. स्क्रूंसाठी कप्प्यांचा मसाल्याचा डबा. आमच्या घरी तो जुना मिसळणाचा डबा आहे: मोहरीच्या वाटीत तबकडीचे बारीक स्क्रू, हळदीच्या वाटीत काचेचे, जिऱ्याच्या वाटीत बाहेरच्या झाकणाचे. बायकोनं तो डबा आता कायमचा गॅरेजला देऊन टाकलाय.

बॅटरी काढावीच लागते का?

हो. अमेरिकेतल्या या गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला एअरबॅग आहे आणि तुम्ही तिच्याच शेजारी हात घालणार आहात. बॅटरी बॉनेटखाली शोधू नका, ती मागे डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे. आधी उणे टोक सोडवा, मग बाकीच्या सामानाची मांडामांड करत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. रेडिओला कोड असेल तर आधी लिहून ठेवा.

मीटरचा अख्खा डबा बाहेर कसा काढायचा?

आधी स्टिअरिंगच्या दांड्यावरची वरची-खालची प्लास्टिकची कव्हरं काढा. मग मीटरभोवतीची टोपी. तिचे काही स्क्रू खाली दिसतात, काही वर कपाळपट्टीच्या आत लपलेले असतात. मान वाकडी करून टॉर्च मारल्याशिवाय सापडत नाहीत. सगळे निघाले तर टोपी अलगद पुढे येते. येत नसेल तर एखादा राहिलाय, हिसका देऊ नका. थंडीच्या दिवसांत गॅरेजमध्ये हे प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. जानेवारीत काम काढलंच तर आधी गाडीत हीटर चालवून डॅशबोर्ड कोमट करून घ्या.

टोपीनंतर डबा चार स्क्रूंवर असतो. ते काढले की तो दोन-तीन बोटं पुढे येतो आणि थांबतो. थांबवते ती स्पीडोमीटरची केबल. या गाडीत वेग इलेक्ट्रॉनिक सेन्सरनं नाही, गिअरबॉक्सपासून येणाऱ्या फिरत्या केबलनं कळतो, आणि केबलला ढील फारशी नसते. डब्यामागे हात घालून केबलच्या टोकाची खिटी दाबायची आणि सरळ ओढायची. माझ्या पंजाला ते जमत नाही. आमच्या चौदा वर्षांच्या मुलीचा हात बरोबर जातो, त्यामुळे तिचा दर ठरलेला आहे. कुणी लहान हाताचं नसेल तर दुसऱ्या टोकाकडून केबल थोडी आत सारून ढील मिळवता येते, किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचे बोल्ट सैल करून दांडा जरा खाली घेता येतो.

मग वायरिंगचे कनेक्टर. त्यांची कुलपं दाबून कनेक्टरच ओढा, वायर नाही.

डबा बाहेर आला. मागची ती हिरवट प्लास्टिकची पट्टी कसली?

तिला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. ती वायरिंगच आहे. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर तांब्याच्या रेघा आहेत आणि सगळ्या मीटरना करंट तिच्यातूनच जातो. मीटर धरून ठेवणारे मागचे स्क्रू नुसते धरत नाहीत, करंटही त्यांच्यातूनच जातो. म्हणून ते सैल राहिले की पेट्रोलचा काटा मेलेला, आणि जास्त आवळले की पापुद्रा फाटलेला. हातानं घट्ट, वर पाव फेरा, बस.

काटा काढायचाच असेल तर कसा काढायचा?

इथे घाई नको.

काम सुरू होते डबा गाडीत असतानाच. इंजिन गरम असताना, गाडी थांबलेली असताना एक फोटो घ्या. शेजारी बसलेल्या माणसाला जीपीएसवर बरोबर ४० मैल असताना दुसरा फोटो घ्यायला सांगा. फोटो अगदी समोरून हवा. तिरका घेतला तर काटा आणि तबकडी यांमधल्या अंतरामुळे आकडा एका रेघेनं इकडे-तिकडे दिसतो.

मग टेबलावर. डबा गाडीत असतो तसाच उभा ठेवा, आडवा नाही, कारण काट्याला स्वतःचं थोडं वजन असतं. स्पीडोमीटरचा काटा शून्याजवळ एका बारीक खिटीवर टेकलेला दिसेल. ती त्याची खरी विश्रांतीची जागा नाही. मागे केसासारखी बारीक स्प्रिंग आहे, ती काट्याला खिटीवर दाबून धरते. काटा दोन बोटांनी हलकेच उचलून खिटीच्या पलीकडे सोडा. तो आणखी खाली जाऊन थांबेल. ती जागा टेपवर पेन्सिलीनं रेघ मारून नोंदवा. सगळ्या कामात ही रेघ सर्वात मोलाची. काटा परत बसवताना याच रेघेवर बसवायचा, आणि मग उचलून खिटीवर आणून टेकवायचा.

काढण्यासाठी काट्याच्या बुंध्याच्या दोन बाजूंना दोन चमचे, पाठी तबकडीकडे करून. खाली जाड कागद, म्हणजे तबकडीवर वळ उठत नाही. दोन्ही चमचे एकाच वेळी सारखे दाबा. काटा सरळ वर निघाला पाहिजे. पिळायचा नाही, एका बाजूनं उचलायचा नाही. खालचा दांडा वाकला तर ते मीटर संपलं समजा.

पेट्रोल, तापमान आणि तेलाच्या दाबाचे छोटे मीटर आहेत, त्यांचे काटे मी काढतच नाही. तिथे चिरेची तबकडी ओवून घेतो.

परत बसवताना काटा किती दाबायचा?

माझी फजिती इथेच झाली. पहिल्या वेळी मी काटा मनापासून दाबला. शून्यावर बरोबर, इंजिन चालू केल्यावर बरोबर. शाळेजवळून जाताना काटा २२ दाखवत होता आणि रस्त्याकडेची वेग दाखवणारी पाटी ३१. मला वाटलं पाटी बिघडलीय. परत फिरून आलो, पुन्हा तेच. काट्याचं पोट तबकडीला घासत होतं, त्यामुळे तो वर चढायला आळस करत होता. तेव्हापासून बुंध्याखाली कागदाची पट्टी ठेवून काटा बसवतो आणि नंतर पट्टी ओढून काढतो. पट्टी निघाली नाही तर काटा खोल गेलाय.

स्पीडोमीटर बरोबर दाखवतोय हे कसं तपासायचं?

फोनच्या जीपीएसनं. सरळ, सपाट रस्त्यावर, वेग स्थिर ठेवून, शेजारच्या माणसाला वाचायला सांगून. २५, ४० आणि ६० अशा तीन वेगांना. फरक तिन्ही ठिकाणी सारखाच, समजा चार मैल, असेल तर काटा एका घरानं चुकीचा बसलाय. फरक वेगाबरोबर वाढत असेल तर काट्याचा दोष कमी आणि टायर किंवा मीटरचा जास्त.

टायरबद्दल लोक फार घाबरतात. मूळ माप १८५/६० आर १४. बरेच जण १९५/५० आर १५ लावतात. गणित केलं तर दोन्हींचा व्यास साधारण ५७८ आणि ५७६ मिलिमीटर, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. काटा चुकला तर टायरवर ढकलू नका.

आत काय चाललंय तेही सांगून टाकतो. केबल एका चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, तिला स्पर्श नसतो, पण चुंबक फिरला की ती त्याच्यामागे ओढली जाते. स्प्रिंग तिला अडवते. ओढ आणि अडवणूक जिथे बरोबरीत येतात तिथे काटा उभा. म्हणून त्या स्प्रिंगला धक्का लागू द्यायचा नाही. ताशी ६० मैलांना केबल मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेते, यावरून एका बहाद्दरानं ड्रिल लावून टेबलावर तपासायची कल्पना मांडली होती. तपासता येतं, पण त्याबरोबर ओडोमीटरही, म्हणजे गाडी एकूण किती धावली ते मोजणारा आकडाही, पळतो.

युरोपात गाडी असेल तर तिथला नियम असा, की स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवला तर दहा टक्के आणि वर ४ किलोमीटरपर्यंत चालतं. मीसुद्धा तोच हिशोब ठेवतो, जरा जास्त दाखवणारा काटा चालेल, कमी दाखवणारा नको.

आरपीएम मीटरचं, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे दाखवणाऱ्या मीटरचं काय?

गरम इंजिन, गिअर मोकळा, एसी बंद असताना साधारण ८५० वर काटा थांबला पाहिजे. पक्कं करायचं तर बॉनेटखाली ‘डायग्नोसिस’ लिहिलेली छोटी डबी आहे, तिच्यातल्या ‘आयजी मायनस’ टोकाला आरपीएम मोजणारा मल्टिमीटर लावा आणि तीन हजारांपर्यंत जुळवून पाहा. १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीच्या संगणकाची माहिती वाचायचं सॉकेट आहे, तिथे स्वस्तातला स्कॅनर पुरतो.

तेलाच्या दाबाचा काटा आता मधेच थांबून राहतो, हलत नाही. मी काही तोडलं का?

गाडी कुठल्या वर्षाची? १९९४ पर्यंतच्या मॉडेलमध्ये हा मीटर खरा आहे, इंजिनचा वेग वाढला की काटा वर चढतो. १९९५ पासून माझदानं त्याचं सोंग केलं. दाब आहे तर काटा मध्यावर, नाही तर खाली. म्हणजे काटा लावलेला दिवाच. नवीन गाडी असेल तर तुम्ही काही तोडलेलं नाही. जुनी असेल तर मागचे स्क्रू तपासा.

ओडोमीटरला हात लागला तर?

लागू देऊ नका. आकड्यांची चक्रं तबकडीमागेच असतात, नवीन तबकडीला त्यांच्यासाठी खिडकी असते. अमेरिकेत ओडोमीटरचे आकडे मागे नेणं हा फेडरल गुन्हा आहे, कायद्याचं टायटल ४९, प्रकरण ३२७. नुसती तबकडी बदलण्यात काही गैर नाही. पण दुरुस्तीत जुना आकडा टिकवणं अशक्यच झालं, तर ओडोमीटर शून्यावर आणून डाव्या दाराच्या चौकटीवर जुना आकडा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी लागते. भंगारातून दुसरा अख्खा मीटर आणून बसवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. फोटो मी दरवेळी काढतोच, उद्या गाडी विकताना समोरचा माणूस विचारतो.

जपानची युनोस घेतली आहे. फक्त मैलांची तबकडी लावली की झालं?

तबकडी नीट निवडली तर. अमेरिकेत पंचवीस वर्षांवरच्या गाड्या आणता येतात, त्यामुळे हा प्रश्न आता वरचेवर येतो. अमेरिकन मियाटाची तबकडी जपानी मीटरवर तशीच लावली तर आकडे जुळतीलच असं नाही. जपानी मीटरसाठी मुद्दाम छापलेली मैलांची तबकडी घ्या. तिच्यावर १०० मैल बरोबर तिथे असतात जिथे आधी १६१ किलोमीटर यायचे. ओडोमीटर मात्र किलोमीटरच मोजत राहील. तेल बदलायचा हिशोब त्याप्रमाणे करा.

काच पुसायला काय वापरावं?

भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, कोमट पाणी, मऊ कापड. अमोनिया असलेलं खिडक्यांचं स्प्रे नको, कारण ही काच नसून प्लास्टिक आहे. तबकडीच्या पुढच्या बाजूला बोट लावू नका. पांढऱ्यावर दिसत नाही, काळ्यावर सकाळच्या उन्हात पोलिसांनी घेतल्यासारखे ठसे दिसतात.

उघडलंच आहे तर बल्ब एलईडी करू का?

प्रकाशाचे करा हवे तर, पण उलटे लावले तर लागत नाहीत आणि उजेड कमी-जास्त करायचं बटण पूर्वीसारखं चालेलच असं नाही. बॅटरी चार्जिंगच्या इशाऱ्याचा बल्ब मात्र मूळचाच ठेवा. जुन्या बऱ्याच गाड्यांत त्या बल्बमधून जाणारा थोडासा करंट आल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, जागा करतो.

माझी गाडी मियाटा नाही. पुण्यात आहे, नवीन आहे.

मग थांबा. नव्या गाड्यांत काटा छोट्या स्टेपर मोटरवर फिरतो, किल्ली फिरवली की काटे एकदा वर जाऊन खाली येतात त्या याच. त्या मोटरमधले दाते बारीक असतात, काटा हातानं ढकलला तर जातात. शिवाय वॉरंटीवर पाणी. जुन्या मारुती ८०० सारख्या केबलवाल्या गाडीला वर लिहिलेलं बरंचसं लागू पडेल.

सगळं बसवून झालं आणि एक बारीक काळा स्क्रू उरला. चालेल का?

नाही. बारीक काळा असेल तर तो तबकडीचा आहे. तो डब्यात आत पडलेला नसून हातात आहे हे नशीब, पण त्याच्या जागी तबकडी एका कोपऱ्यात उचललेली आहे आणि उन्हाळ्यात ती वाकून काट्याला लागणार. परत उघडा. दुसऱ्यांदा अर्धा तासही लागत नाही. आणि डबा आत ढकलण्याआधी कानाशी धरून हलवून पाहा, खुळखुळ ऐकू आली तर दुसराही कुठेतरी आहे.